हो किंवा नाही, कळवा

‘ओ निगेटिव्ह रक्त हवे. आज ५ पर्यंत. मेडिकल. येता येईल? हो/नाही कळवा.’

एवढाच मजकूर. यंत्राच्या मोजणीनं ६७ अक्षरं. ही मोजणी शाळेतल्यासारखी नसते. मोबाईलच्या हिशेबात काना वेगळा, वेलांटी वेगळी, अनुस्वार वेगळा, दोन शब्दांमधली मोकळी जागाही वेगळी. ‘रक्त’ आपल्याला दोन अक्षरांचं दिसतं. यंत्राला ते चार जागांचं असतं: र, क, पाय मोडल्याची खूण आणि त. ‘निगेटिव्ह’ एकटा नऊ जागा घेतो. देवनागरीत एका एसएमएसला जागा मिळतात सत्तर. एकाहत्तरावं अक्षर आलं की संदेशाचे दोन तुकडे पडतात आणि प्रत्येक तुकड्यात सदुसष्टच जागा उरतात, कारण पलीकडच्या फोनला ते तुकडे पुन्हा जोडता यावेत म्हणून तीन जागा जोडणीच्या खुणेला द्याव्या लागतात. साध्या फोनवर हे तुकडे कधी मागेपुढे पोचतात, कधी एक येतो आणि दुसरा वाटेत राहतो. आलेल्या तुकड्यात ‘रक्त हवे’ आणि राहिलेल्यात दवाखान्याचं नाव, तर वाचणाऱ्यानं करावं काय? म्हणून सगळं एकाच संदेशात बसलं पाहिजे, असा आमचा हट्ट.

आम्ही म्हणजे नागपुरातला रक्तदात्यांची यादी सांभाळणारा एक छोटा गट. मेडिकल चौकापासून चालत जाता येईल अशा एका घराची मागची खोली, त्यात एक कंप्युटर, आणि त्या कंप्युटरवरून लोकांच्या मोबाईलवर जाणारे संदेश. माझं काम हे संदेश लिहिण्याचं, पाठवण्याचं आणि आलेली उत्तरं वाचण्याचं. बरीच वर्षं हे करते आहे. बाहेरून बघणाऱ्याला यात टाइप करून एंटर दाबण्यापलीकडे काही दिसत नाही. मला मात्र हे फार जपून करण्याचं काम वाटतं आणि ते का वाटतं, हे एकदा सविस्तर लिहायचं होतं.

आधी रक्तगट कसा लिहायचा, ते. रक्तगटापुढे अधिक-उण्याचं चिन्ह आम्ही कधीच टाकत नाही. उण्याचं चिन्ह लहान पडद्यावर साध्या आडव्या रेघेसारखं दिसतं आणि वाचणारा ते सोडून पुढे जातो. जागा गेल्या तरी चालतील, ‘निगेटिव्ह’ अक्षरी लिहायचं. त्या नऊ जागा मग दुसरीकडून काढायच्या. ‘कृपया’ काढलं, ‘तातडीने’ काढलं, आमच्या गटाचं नावसुद्धा काढलं. दवाखान्याच्या नावात मात्र नागपूर आपल्याला मदत करतं. इथं ‘मेडिकल’ म्हटलं की शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय, हे रिक्षावाल्यापासून प्राध्यापकापर्यंत सगळ्यांना ठाऊक. ‘मेयो’ आणि ‘डागा’ या रुग्णालयांचंही तसंच. पेशंटचं नाव, वॉर्ड, आजार यातलं काहीही संदेशात जात नाही. रक्त द्यायला त्याची गरज नसते आणि कुणाचं दुखणं शंभर फोनांत पडून राहावं, हे बरं नाही.

विदर्भात ही गरज वर्षभराची आहे. आपल्याकडे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण पुष्कळ. थॅलेसेमियाच्या मुलांना तर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावंच लागतं. पाऊस ओसरला की डेंग्यू येतो आणि प्लेटलेट्सची धावपळ सुरू होते. त्या पाच दिवसांपलीकडे टिकत नाहीत, म्हणून आधीपासून भरून ठेवता येत नाहीत. सगळ्यात कठीण मे महिना. पारा पंचेचाळीसच्या पुढे, कॉलेजं बंद, होस्टेलची मुलं गावाला आणि दुपारी रस्त्यावर कुत्रंही नसतं. त्या दिवसांत शिबिरं होत नाहीत आणि आमच्या यादीला फार मोल येतं.

रक्तपेढीतून किंवा नातेवाइकांकडून फोन आला की आधी खात्री करायची. मग यादीतून गट निवडायचा, मग भाग, मग शेवटचं रक्तदान कधी झालं ती तारीख: पुरुषांना नव्वद दिवस आणि बायकांना एकशेवीस दिवस झालेले असले पाहिजेत. एवढ्या चाळण्यांतून उरलेल्या मोजक्या लोकांनाच संदेश जातो. सगळ्यांना एकदम पाठवणं कंप्युटरला सोपं असतं, पण एका पिशवीसाठी तीस माणसं उन्हातून येऊन परत गेली, तर त्यातली निम्मी पुढच्या वेळी हलणार नाहीत. कंप्युटरवरून संदेश पाठवणाऱ्यानं सगळ्यात आधी हे शिकावं असं मला वाटतं: यंत्र हजारांना पाठवतं, पण वाचतो तो एकटाच असतो, हातातलं काम सोडून.

जगातला पहिला एसएमएस कंप्युटरवरूनच मोबाईलवर गेला होता. ३ डिसेंबर १९९२, इंग्लंड. नील पॅपवर्थ या तरुण इंजिनिअरनं कंप्युटरवर नाताळच्या शुभेच्छांचे दोन शब्द टाइप केले आणि व्होडाफोनच्या जाळ्यावरून ते रिचर्ड जार्व्हिस यांच्या ऑर्बिटेल ९०१ या जाडजूड फोनवर पोचले. या गोष्टीतला मला लक्षात राहिलेला भाग वेगळाच आहे. त्या फोनवरून संदेश पाठवायची सोयच नव्हती. जार्व्हिस यांना शुभेच्छा मिळाल्या, पण त्यांच्या बोटांना उत्तर लिहिता आलं नाही. या साधनाचा जन्मच एकतर्फी झाला. कंप्युटर बोलणार, फोन ऐकणार.

१६० अक्षरांची मर्यादा त्याच्याही आधीची. फ्रिडहेल्म हिलेब्रांड या जर्मन इंजिनिअरनं १९८५ मध्ये बॉन शहरात टाइपरायटरसमोर बसून मनात येतील ती वाक्यं लिहिली आणि त्यांची अक्षरं मोजली. बहुतेक सगळी १६० च्या आत बसली. कॉल जोडण्यासाठी फोन आणि जाळं यांच्यात ज्या वाटेनं खुणांची देवघेव चालते, तीच वाट या संदेशांना द्यायची होती आणि त्या वाटेवरून एका वेळी १४० बाइटच जात होते (एक बाइट म्हणजे आठ बिट). रोमन अक्षरं सात-सात बिटांत बसवली की त्यात १६० मावतात. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह सोळा बिटांचं, म्हणून आपल्या वाट्याला ७०. बॉनमधल्या त्या कागदावर ना वेलांटी होती ना जोडाक्षर. हिलेब्रांड यांना दोष द्यायचा नाही. त्यांनी वीतभर जागेत जगाचं बोलणं बसवलं, हे मोठंच काम. पण मराठीत लिहायचं तर निम्म्याहून कमी जागेत लिहावं लागतं, ही वस्तुस्थिती कंप्युटरपुढे बसणाऱ्यानं ओळखून असावं.

आमच्याकडे सुरुवात फुकट एसएमएस पाठवणाऱ्या वेबसाइटवरून झाली. तेव्हा अशा वेबसाइट बऱ्याच होत्या आणि कॉलेजच्या पोरांचा जीव त्यांच्यावर. दिवाळी आणि नववर्षाला कंपन्यांचे एसएमएस पॅक चालत नसत, त्यामुळे शुभेच्छा आदल्या दिवशीच पाठवून मोकळं व्हायची पद्धत होती, हे ज्यांना आठवतं त्यांना तो काळ कळेल. वेबसाइटवर पैसे लागत नसत, पण आपल्या मजकुराखाली जाहिरात चिकटून जायची. रक्ताची विनंती आणि तिच्याखाली कुणाच्या तरी मालाची सूट, हे आम्हाला बघवेना. शिवाय त्या वाटेनं उत्तर आमच्यापर्यंत पोचत नसे.

मग गटातल्या एका इंजिनिअर मुलानं यूएसबी डोंगल आणला, त्यात साधं सिमकार्ड घातलं आणि कंप्युटरवर ‘गामू’ नावाची मुक्त प्रणाली बसवली. हा डोंगल एरवी लोक इंटरनेटसाठी वापरत, पण त्याच्या पोटात एक मोबाईलच असतो. कंप्युटर त्याला ठरलेल्या आज्ञा देतो: हा नंबर, हा मजकूर, पाठव. त्या आज्ञा सुरुवातीला त्यानं मला हातानं टाइप करून दाखवल्या. मजकूर संपला हे सांगायला कंट्रोल आणि झेड ही दोन बटणं एकत्र दाबायची, की खालच्या ओळीत ‘ओके’ उमटतं. देवनागरी जाताना आकड्यांच्या रूपात जाते. ‘रक्त’ जातं ते ०९३० ०९१५ ०९४डी ०९२४ असं. तो मुलगा म्हणाला, “काकू, हे पाठ करायचं काम नाही जी, प्रोग्रॅम करते ते सगळं.” पण मला ते आकडे बघावेसे वाटले. आपला शब्द कुठल्या रूपात प्रवास करतो, हे माहीत असलेलं बरं.

त्या काळी बऱ्याच फोनांवर देवनागरीच्या जागी नुसते चौकोन दिसत. म्हणून आम्ही रोमन लिपीत मराठी लिहायचो, १६० अक्षरंही मिळायची. पण ते वाचताना लोक अडखळायचे, विशेषतः वयानं मोठे आणि खेड्यातले. ‘दान’ की ‘डान’, ‘मेयो’ की ‘मायो’. जसजसे फोन बदलत गेले तसतसं आम्ही यादीत प्रत्येक नावापुढे खूण करत गेलो: याला देवनागरी दिसते, याला दिसत नाही. ही खूण करायला प्रत्येकाला फोन करून विचारावं लागलं आणि ते आम्ही केलं. आणखी एक गोष्ट तेव्हा शिकवावी लागली. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मराठी मजकूर एसएमएसमध्ये कामाचा नसतो. कृतिदेवमध्ये लिहिलेलं कंप्युटरच्या पडद्यावर मराठी दिसतं, पण आतून ती रोमन अक्षरं आणि चिन्हंच असतात. फोनवर पोचतो तो त्यांचा निव्वळ गाळ. सगळ्या यंत्रांना सारखंच कळणारं युनिकोडच हवं. आजही कुणी शिबिराचा मजकूर डीटीपीवाल्याकडून आणला की मी आधी हे तपासते.

डोंगलनं खरी मोठी गोष्ट दिली ती म्हणजे वेळेची मुदत. एसएमएस थेट फोनवर जात नाही, आधी कंपनीच्या संदेश केंद्रात जमा होतो. फोन बंद असेल, रेंजबाहेर असेल, तर तिथं थांबून राहतो आणि फोन जागा झाला की पोचतो. किती वेळ थांबायचं, हे पाठवणाऱ्याला सांगता येतं: पाच मिनिटांपासून त्रेसष्ट आठवड्यांपर्यंत. बहुतेक लोकांना ही सोय असते हेच माहीत नसतं. आमच्या दृष्टीनं ती अतिशय महत्त्वाची. दुपारी पाचपर्यंतचं रक्त हवं असेल तर संदेशानं पाचनंतर पोचूच नये. दिवसभर रामटेककडे शेतात असलेला माणूस रात्री रेंजमध्ये आला, त्याला संदेश मिळाला आणि तो पोराला गाडी काढायला सांगून निघाला, तर तिथं पोचल्यावर त्याला काय सांगायचं? म्हणून प्रत्येक तातडीच्या संदेशाला मुदत लावायची आणि मजकुरातही वेळ लिहायची. व्हॉट्सअ‍ॅपवर रक्ताच्या विनंत्या वर्षानुवर्षं फिरत राहतात, तारीख नसलेल्या, कुणाच्या ते कळत नसलेल्या. त्यांतल्या नंबरवर फोन करणाऱ्या भल्या माणसांना पलीकडून जे ऐकावं लागतं, ते ऐकून मला फार वाईट वाटतं. वेळ संपल्यावर मरून जाणारा संदेश लिहिता येणं ही एसएमएसची ताकद आहे आणि ती वाया घालवू नये.

आता उत्तरांबद्दल, ज्यासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं.

डोंगलमध्ये साधं सिम असल्यामुळे लोक त्याच नंबरवर उत्तर देतात आणि ते कंप्युटरच्या पडद्यावर येतं. ‘हो’. ‘येतो’. ‘नाही, पुण्याला आहे’. ‘आ रहा हूं’, कारण नागपुरात उत्तर मराठीत येईल की हिंदीत, हे त्या क्षणी जिभेवर काय आहे त्यावर ठरतं. ‘ताई कालच ताप येऊन गेला, चालते का?’ ‘ड्यूटी सुटली की निघतो ७ वाजतील’. ‘मी येऊन राहिलो, कोणाले भेटू?’ एकदा नुसताच एक आकडा आला, ६. तो सहा वाजता पोचला. ‘नाही’ हेसुद्धा आमच्यासाठी सोन्यासारखं उत्तर असतं, कारण ते आलं की आम्ही थांबत नाही, पुढच्या नावाकडे जातो. उत्तरच आलं नाही तर मात्र वाट बघण्यात वीस मिनिटं जातात, आणि ती वीस मिनिटं दवाखान्याच्या बाहेर बाकावर बसलेल्या कुणाची तरी असतात.

पोस्टाच्या जमान्यात जोडकार्ड असायचं. उत्तराचं कार्ड पाठवणाऱ्यानंच जोडून दिलेलं, त्याचे पैसे आधीच भरलेले. तारेतही उत्तराचे पैसे आगाऊ भरायची सोय होती. ज्याला आपण विचारतो आहोत, त्याला उत्तर देण्याचा भुर्दंड पडू नये, ही किती सभ्य रीत! आमच्या यादीतल्या लोकांना रिप्लाय करायला रुपया-दीड रुपया जायचा आणि महिन्याच्या शेवटी तेवढाही काहींना नको असायचा. म्हणून आम्ही एक साधा फोन शेजारी ठेवला आणि सांगितलं, हो असेल तर त्यावर मिस्ड कॉल द्या. त्यानंतर उत्तरं वाढली. संध्याकाळी तो फोन एका रिंगपुरता वाजतो, थांबतो, पुन्हा वाजतो आणि आम्ही यादीवर खुणा करत जातो.

एक उत्तर मला विसरता येत नाही. रोमन लिपीत, तुटक मराठीत आलेलं. हा नंबर माझ्या मुलाचा होता, तो आता नाही, माझा गट पण तोच आहे, वय ५२, चालेल का? आम्ही त्याला एसएमएसनं उत्तर दिलं नाही. गटातले सगळ्यात ज्येष्ठ काका फोन घेऊन बाहेर ओट्यावर गेले आणि पुष्कळ वेळ बोलत राहिले. मुलाचं नाव यादीतून काढायचं होतं, ते काम काकांनीच केलं आणि त्याच ओळीत वडिलांचं नाव लिहिलं. जर तो संदेश उत्तर न देता येणाऱ्या नंबरवरून गेला असता, तर त्या माणसाला काय करता आलं असतं? मुलाच्या नावानं आमचे संदेश येत राहिले असते आणि तो ते वाचत राहिला असता.

आणि आज बहुतेक संदेश नेमके तसेच येतात. बँक, वीज, कुरिअर, दुकानं, क्लासेस, ओटीपी. पाठवणाऱ्याच्या जागी नंबर नसतो, सहा अक्षरांचं नाव असतं आणि त्याला उलट काही लिहिता येत नाही. हे असं का झालं, त्यालाही कारण आहे. जाहिरातींच्या एसएमएसनी लोकांचा जीव नकोसा केला होता. ट्रायनं, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणानं, २०१० मध्ये नियम केले, रात्री नऊ ते सकाळी नऊ व्यापारी संदेश बंद केले. २७ सप्टेंबर २०११ पासून एका सिमवरून दिवसाला शंभर एसएमएसची मर्यादा आली, मग ती दोनशेवर गेली. ऑगस्ट २०१२ मध्ये अफवांमुळे बंगळुरू, पुण्यातून ईशान्येकडचे लोक घाबरून गावी निघाले, तेव्हा पंधरा दिवसांसाठी मर्यादा आली, सुरुवातीला दिवसाला पाचच संदेशांची. ती मर्यादा योग्यच होती. खोट्या संदेशानं माणूस घर सोडून पळतो, तर खऱ्या संदेशाचं वजन किती जपलं पाहिजे! आम्ही त्या दिवसांत आपापले फोन घेऊन खोलीत बसलो आणि प्रत्येकानं आपल्या वाट्याचे पाच पाठवले.

पुढे २०१८ चे नियम आले. आता संस्थेची नोंदणी करावी लागते, पाठवणाऱ्याचं नाव मंजूर करून घ्यावं लागतं आणि मजकुराचा साचासुद्धा. साच्यात रिकाम्या जागा ठेवता येतात. साच्याशी न जुळणारा संदेश वाटेतच अडवला जातो. ८ मार्च २०२१ ला ही अडवणूक देशभर सुरू झाली, तेव्हा ओटीपी अडकले आणि दुसऱ्याच दिवशी ती आठवडाभर पुढे ढकलावी लागली. व्यवस्था म्हणून मला हे सगळं पटतं. फसवणुकीचे संदेश बघितले की अजून कडक असावं असंही वाटतं. आमच्या शिबिरांच्या सूचना याच नोंदणीकृत वाटेनं जातात. पण तातडीच्या वेळी ओळखीच्या मोजक्या दात्यांना जो संदेश जातो, तो अजूनही साध्या सिमवरूनच जातो, कारण त्याला उत्तर देता येतं. शिबिराच्या साच्यातही आम्ही शेवटच्या दहा जागा फोन नंबरासाठी राखल्या आणि तो नंबर उचलायला दिवसा कुणी ना कुणी असतं. सत्तरातल्या दहा जागा म्हणजे फार मोठा वाटा. तरी दिल्या.

याच सत्तर जागांत लिहिणारी दुसरीही माणसं आहेत आणि मला त्यांच्याबद्दल आपुलकी वाटते. १४ जुलै २०१३ हा देशातल्या तारसेवेचा शेवटचा दिवस. त्यानंतर दोनच दिवसांनी, १६ जुलैला, तेव्हाचे राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते एमकिसान पोर्टल सुरू झालं. कृषी अधिकारी आणि शास्त्रज्ञ कंप्युटरवरून शेतकऱ्याच्या मोबाईलवर त्याच्या भाषेत सल्ला पाठवणार, अशी ती योजना. आमच्या यादीतले काटोलकडचे एक संत्रा बागायतदार रक्त द्यायला आले की फोन पुढे करायचे. “हे पाहा ताई, लिहिणाऱ्याले माहीत असते बाग काय असते ते.” औषधाचं नाव, लिटरला किती, कधी फवारायचं, सगळं दोन ओळींत. ते वाचताना कळायचं की कुणीतरी बसून शब्द काढलेत, मोजलेत, पुन्हा लिहिलेत.

२०२३ च्या सप्टेंबरमधली ती रात्र नागपूरकर विसरणार नाहीत. गणपती बसलेले होते. २२ तारखेची मध्यरात्र उलटली आणि काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी या वस्त्यांत शिरलं, मोरभवनचं बसस्थानक पाण्यात गेलं. पहाटे खोलीत वीज नव्हती, वायफाय नव्हतं. लॅपटॉपची बॅटरी होती आणि डोंगल होता. यादी भागानुसार लावलेली असल्यामुळे त्या वस्त्यांमधली नावं लगेच वेगळी करता आली. संदेश लिहिला: ‘पुराचे पाणी घरात आहे का? मदत हवी असल्यास फक्त ‘हो’ पाठवा.’ एरवी आम्ही त्यांच्याकडे मागत असतो. त्या पहाटे पहिल्यांदाच काही न मागणारा संदेश गेला.

उत्तरं यायला लागली. नेट बंद पडलेल्या फोनांवरूनही आली, कारण एसएमएसला नेट लागत नाही. बरेच ‘नाही’ आले. काही ‘हो’ आले, ते आम्ही बोटी घेऊन फिरणाऱ्या बचाव पथकांना फोन करून कळवत गेलो. एका आजींच्या नातवानं लिहिलं, आम्ही वर गच्चीवर आहो, आजीची औषधं खाली राहिली. औषधं कोणती, हे दुसऱ्या संदेशात आलं. दुपारी ती पोचली. आणि पाण्याबाहेर असलेल्या पुष्कळांनी न विचारता लिहिलं, गाडी आहे, जेवण आहे, कुठं येऊ? इतकी वर्षं त्यांना आमच्या नंबरवर उत्तर द्यायची सवय होती. ती सवय नसती तर त्या पहाटे एवढ्या पटकन कुणी काही लिहिलं असतं, असं मला वाटत नाही.

आमच्या गटातली नवी पोरं म्हणतात, ॲप काढू. काढाच. ज्यांच्याकडे मोठे फोन आहेत त्यांना नकाशा दिसेल, रक्तपेढीतली गर्दी कळेल, पुढच्या रक्तदानाची तारीख आपोआप येईल. मी त्यांना एवढंच म्हटलं की आपल्या यादीतले कामठीचे दूधवाले भाऊ, भिवापूरचे मिरचीवाले, रात्रपाळीचे सुरक्षारक्षक यांच्याकडे बटणांचा फोन आहे आणि तो त्यांनी विचार करून ठेवलेला आहे. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायनं डेटा नसलेले, फक्त कॉल आणि एसएमएसचे रिचार्ज देणं कंपन्यांना बंधनकारक केलं, ते अशाच लोकांसाठी. यातले काहीजण नव्वद दिवस भरले की स्वतःच फोन करून विचारतात, “काऊन जी, आमची आठवण नाही आली का?” त्यांना ॲप दाखवून उपयोग नाही, आणि त्यांना सोडून चालणार नाही.

तेव्हा दोन्ही होणार. जुना डोंगल दमत चालला आहे, त्याच्या जागी ४जी मोडेम आणला आहे आणि इंजिनिअर मुलगा, जो आता स्वतः दोन लेकरांचा बाप आहे, रविवारी येऊन तो लावतो आहे. नव्या मोडेमवरून देवनागरी संदेश नीट जातात, मुदतही लागते. पण आलेल्या उत्तरांतली देवनागरी अजून प्रश्नचिन्हं होऊन दिसते. ती वाचता येईपर्यंत सिम जुन्यातून काढायचं नाही, असं ठरलं आहे.